साडेआठ ते साडेसहा

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचं युनिट सकाळी नऊला सुरू होतं आणि संध्याकाळी सहाला सुटतं. दांडिया बाजारातून ॲक्टिव्हाने जायचा-यायचा वेळ धरला की मी घराबाहेर असते साडेआठ ते साडेसहा. या दहा तासांत मुलीला कोण सांभाळणार, एवढाच माझा प्रश्न होता. त्याचं उत्तर शोधताना गेल्या काही वर्षांत जे पाहिलं, विचारलं, वाचलं ते लिहून ठेवतेय. बडोद्यात किंवा कुठेही जिला उद्या हाच प्रश्न पडणार आहे, तिच्या हाती थोडं तरी आयतं लागावं.

स्विचगियरचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी क्वालिटी चेकिंगला आहे. नवरा वाघोडियाला, शिफ्टमध्ये. कंपनीची बस नेते-आणते. घरी सासूबाई आहेत, पण त्यांची बायपास झालेली, वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. सहा महिन्यांचं मूल म्हणजे दिवसभर उचलाउचल. "मी बघते गं, तू जा," असं त्या म्हणत होत्या. जिना चढून आल्यावर त्यांना लागलेली धाप मी रोज ऐकत होते, त्यामुळे ते माझ्याच्याने मान्य होईना. माझं माहेर नवसारीला. आजीकडे मूल सोपवून निर्धास्त कामावर जाणाऱ्या मैत्रिणी मला होत्या. आमच्या घरात ती सोय नव्हती.

रजेचं काम मात्र सरळ झालं, ते आधी सांगते. आमच्याकडे पस्तीसेक माणसं, म्हणून युनिट ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याच्या कक्षेत. माझा पगार २१,००० च्या आत, म्हणून माझं कार्ड होतं. आधीच्या दोन अंशदान-काळांत (हप्ता भरायचे सहा-सहा महिने) मिळून निदान ७० दिवसांचा हप्ता भरलेला असेल तर २६ आठवडे प्रसूतीची रजा पूर्ण वेतनावर मिळते. पैसे मालकाच्या खिशातून जात नाहीत, ईएसआय देतं, आणि ते थेट खात्यात जमा होतात. शेडमध्ये कंत्राटदारामार्फत आलेल्या दोघींना हे माहीतच नव्हतं. त्यांच्या पगारातूनही हप्ता कापला जात होता, त्यांनाही हा हक्क होता. प्रत्येकीने आपल्या पगाराच्या पावतीवर ती कपात दिसते का, ते आजच बघावं. २६ पैकी जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. मी त्यातले अगदी थोडे वापरले, बाकीचे मुलीसाठी, मुक्तासाठी, राखले. तरी ती साडेपाच महिन्यांची असताना रजा संपली. आणि ममता दिवसाला (लस-वजनाच्या सरकारी दिवशी), दवाखान्यात, अंगणवाडीत, जिथे जाल तिथे सांगतात, सहा महिने फक्त आईचं दूध. मधला पंधरवडा मी साठवलेल्या रजेवर काढला.

मग मालकांच्या केबिनमध्ये गेले. पाळणाघराचं विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "बेन, कायदा पन्नासला लागतो. आपण पस्तीस आहोत." घरी येऊन मी वाचून काढलं, आणि त्यांचं खरं होतं. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय द्यायची, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायचं, असं त्यात होतं. त्याहून जुना १९४८ चा कारखाने अधिनियम. त्यात तीसहून जास्त कामगार स्त्रिया असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवायला सांगितलं होतं. आमच्या शेडमध्ये बायका दहाच्या आत. आमच्या गल्लीत एका रांगेत शेडच शेड आहेत. कुठे वाइंडिंग, कुठे पावडर कोटिंग, कुठे पॅकिंग. सगळ्या मिळून गल्लीत काही शे माणसं कामाला येतात, त्यात बायका पुष्कळ. पण एकेक शेड मोजली की कुणीच पन्नासपर्यंत पोचत नाही. कायद्याने सांगितलेली ती खोली त्यामुळे त्या अख्ख्या गल्लीत कुठेच नाही. हे मला त्या दिवशी फार लागलं, आणि अजून लागतं.

खासगी सोय शोधायला लागले. अलकापुरी, जुना पादरा रोड, कारेलीबाग या बाजूला प्ले-ग्रुपला जोडलेली डे-केअर आहेत. स्वच्छ, रंगीत, कॅमेरे लावलेली. पूर्ण दिवसाचे आठ-नऊ हजार सांगत होते, वर प्रवेशाचे वेगळे, आणि सहानंतर थांबलं तर दर तासाला जादा. माझा पगार हातात यायचा सतरा हजार. त्यातला निम्मा तिकडे, पेट्रोल वेगळं. नात्यातल्या एक-दोघी म्हणाल्या, मग नोकरी कशाला करतेस? हा हिशेब नेहमी बाईच्याच पगारातून का वजा करतात, हे मला कळलेलं नाही. मूल दोघांचं, तर पाळणाघराची फी दोघांच्या मिळून पगाराशी ताडून पाहायला हवी. नवऱ्याने ते पहिल्या दिवसापासून मानलं, म्हणून मी आज कामावर आहे.

स्वस्तातलं म्हणून वाडी भागातल्या एका फ्लॅटमधलं घोडियाघर, म्हणजे पाळणाघर, पाहायला गेले. बाहेर पाटी नव्हती, ओळखीतून कळलं होतं. दुपारी तीनची वेळ मी मुद्दाम निवडली. सकाळी सगळीकडेच आवरलेलं असतं, खरी स्थिती कळते ती दुपारी. दार उघडलं तर एका खोलीत सतरंजीवर मुलं दाटीवाटीने झोपलेली, काही जागी. जागी होती ती टीव्हीकडे तोंड करून बसली होती. आवाज बारीक, चित्र पळतंय, आणि एकही मूल हलत नव्हतं. मी आत आले तरी कुणी मान वळवली नाही. एवढीशी मुलं अनोळखी माणूस आल्यावर एकतर रडतात नाहीतर जवळ येतात. ही दोन्ही करत नव्हती. सांभाळायला एकच मुलगी, अठरा-एकोणीस वर्षांची, मांडीवर एक तान्हं, दुसऱ्या हाताने दुसऱ्याचा पाळणा ओढत. मी विचारलं, एवढ्यांना एकटी कसं बघतेस? ती म्हणाली, "ताई, मोटाबेन चारला येतात." तिच्यावर माझा राग नव्हता. तिला कुणी काही शिकवलेलं नव्हतं, आणि मिळत असणार तेही जेमतेम. पण मुक्ताला तिथे ठेवायचं नाही, हे उंबऱ्यातच ठरलं.

त्यानंतर मी कुठेही जाताना एक कागद जवळ ठेवायला लागले. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ साली पाळणाघरांसाठी किमान निकष काढलेत. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सांभाळणारी, तीन ते सहाच्या वीस मुलांमागे एक. मुलामागे दहा ते बारा चौरस फूट जागा. खोली शक्यतो तळमजल्यावर. यातलं काय आहे, काय नाही, ते मी सरळ विचारायचे. जोडीला माझे स्वतःचे प्रश्न: मूल आजारी पडलं तर औषध कोण देतं आणि कुठे लिहून ठेवतात, न्यायला दुसरं कुणी आलं तर काय करता, संध्याकाळी साडेपाचला किती मोठी माणसं हजर असतात. या शेवटच्या प्रश्नाला बऱ्याच जणी थबकायच्या. ज्या चटकन उत्तर द्यायच्या त्यांच्यावर माझा विश्वास बसायचा.

आमची काकू मला अशीच मिळाली. आमच्याच भागात जुन्या वाड्यात खालच्या दोन खोल्यांत राहतात, स्वतःची मुलं मोठी होऊन बाहेर गेलेली. पाच मुलं घेतात, सहावं घेत नाहीत. "माझे हात दोन, डोळे दोन. पाचापर्यंत नजर पुरते," हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. चार हजार रुपये महिना, दूध आणि डबा आपला. मी कागद काढून विचारायला लागले तर त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, चष्मा लावून पूर्ण वाचला आणि म्हणाल्या, "औषधाचं लिहून ठेवत नव्हते मी. ठेवीन." दुसऱ्या दिवसापासून भिंतीवर दोरीला वही टांगली.

काकूंकडे मुक्ता अडीच वर्षं राहिली. 'अर्ली लर्निंग' नावाखाली जे काही विकलं जातं ते पाहून मी घाबरलेच होते. फ्लॅशकार्ड, इंग्रजी राइम्स, टॅबलेट. काकूंकडे यातलं काही नव्हतं. मटार सोलायला बसल्या की मुलं भोवती. दाणे या भांड्यात, सालं त्या सुपात. दीड वर्षाचं मूल मटाराचा दाणा दोन बोटांत धरून भांड्यात टाकतं, तोंडात घालायचा मोह आवरतं आणि काकूंकडे बघतं, हे मी शनिवारी लवकर सुटल्यावर उभी राहून पाहिलंय. काकू एकसारख्या बोलत असत. "हा बघ मोठा, हा बारका, हा पळाला, पकड पकड." मुक्ताचे पहिले मराठी शब्द तिथलेच. शेजारच्या गुजराती घरातला मुलगाही दोन महिन्यांत "पकड" म्हणायला लागला. मूल सांभाळणं आणि मूल शिकवणं यांत दोन वेगळी खाती असतात असं मला तेव्हापासून वाटत नाही. जी बाई लक्ष देऊन सांभाळते ती शिकवतच असते. जिच्याकडे लक्ष द्यायला सवडच नाही, तिच्या भिंतीवर कितीही तक्ते लावा.

हे एका माणसाच्या भरवशावर चाललेलं होतं, त्याची किंमत २०२४ च्या ऑगस्टमध्ये कळली. विश्वामित्रीला पूर आला, निम्मं शहर पाण्याखाली. काकूंची लेक समा भागात राहते, तिच्या घरात पाणी भरलं, आणि काकू तिच्याकडे गेल्या ते अगदी रास्त होतं. पाणी ओसरलं, जीआयडीसी लगेच सुरू झाली, ऑर्डरी तुंबलेल्या. पाच मुलांच्या पाच आया वाड्याच्या दाराशी एकमेकींकडे बघत उभ्या. आम्ही आळीपाळीने रजा टाकून मुलं वाटून घेतली, म्हणून निभावलं. पण त्या पाचांतल्या एकीचा पगार कापला गेला आणि पुढे तिने काम सोडलं. कामावर तिची जागा दुसरीने घेतली, आणि काम सोडलेली ती अजून घरीच आहे.

अंगणवाडीशी आमचा संबंध मात्र मुक्ताच्या जन्माआधीपासूनचा. गरोदरपणी तेडागर बेन नोंदवायला घरी आल्या होत्या. अंगणवाडीत कार्यकर बेन शिकवतात आणि नोंदी ठेवतात, तेडागर बेन मुलांना घरोघरून गोळा करून आणतात, खाऊ शिजवतात. सहा महिन्यांनंतर मुक्तासाठी बालशक्तीची, म्हणजे पोषक आहाराची पाकिटं मिळायला लागली. बुधवारच्या ममता दिवसाला लस आणि वजन. मध्यमवर्गीय मराठी घरांत एक समज आहे की अंगणवाडी आपल्यासाठी नाही, ती 'त्यांच्या'साठी. ही सोय सहा वर्षांखालच्या सगळ्या मुलांसाठी आहे, उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. जन्माचा दाखला, ममता कार्ड आणि आधार एवढ्यावर माझं काम झालं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुक्ता तीन वर्षांची झाली, आणि ती रोज अंगणवाडीत जायला लागली. त्याआधी दोन खासगी नर्सऱ्यांत चौकशी केली होती. गुजरातमध्ये १ जूनला तीन वर्षं पूर्ण नसतील तर नर्सरीत घेता येत नाही, म्हणून त्यांनी पुढच्या जूनला या असं सांगितलं. हा नियम मला पटतो. अडीच वर्षांच्या मुलाला बाकावर बसवायची घाई कशाला? तीन वर्षांखालच्या मुलांना प्रीस्कूलमध्ये ढकलणाऱ्या पालकांना गुजरात उच्च न्यायालयाने २०२३ साली खडसावलं होतं. त्याच वर्षापासून पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण असणं सक्तीचं झालं आणि सरकारी शाळांत त्याआधीचं बालवाटिकेचं वर्ष आलं. मुक्ता नोव्हेंबरची, म्हणजे तिची बालवाटिका २०२७ च्या जूनला. हिशेब स्वच्छ आहे. पण शाळेत घेता येत नाही म्हणून आईची नोकरी थांबत नाही. मुलाने शाळेत जाऊ नये हे जो नियम सांगतो, त्याने ते मूल तोवर कुठे असावं हेही सांगायला हवं.

अंगणवाडीतलं शिकणं मला आवडलं, अगदी मनापासून आवडलं. एक दिवस मी अर्धी रजा घेऊन बसून पाहिलं. कार्यकर बेननी राजमा आणि चणे एका ताटात मिसळून ठेवले, मुलांनी वेगळे केले, मग मोजले, मग त्यांचंच फूल मांडलं. मुक्ता मराठीत मोजत होती, बाजूची मुलगी गुजरातीत, आणि बेन दोघींना होकार देत होत्या. एक मूल कोपऱ्यात रुसून बसलं होतं, त्याला ताटातले चणे वाटायचं काम देऊन त्यांनी गटात आणलं. हे सगळं चालू असताना मोबाइलवर पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमधल्या नोंदी, उंची-वजनाचा तक्ता, दाराशी पाकिटं न्यायला आलेल्या बायका. एकटी बाई किती करते! आणि तिला मिळतं त्याला सरकार पगार म्हणत नाही, मानधन म्हणतं. ग्रॅच्युइटीसाठीसुद्धा या बायकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. तो दावा आपल्या दाहोदचाच, २०२२ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला.

अडचण एकच, आणि ती वेळेची. दुपारचं जेवण झालं की अंगणवाडी सुटते. माझी सुट्टी सहाला. मधले तास कुणाचे? नुसती अंगणवाडी असती तर मला घरी बसावं लागलं असतं. म्हणून आम्ही जोडकाम केलं. सकाळी मी मुक्ताला काकूंकडे सोडते. काकूंकडून तेडागर बेन तिला आणि अजून दोघांना अंगणवाडीत नेतात. दुपारी सासूबाई चालत जाऊन तिघांना काकूंकडे पोचवतात. आता मूल चालतं, उचलावं लागत नाही, त्यामुळे त्यांना ते जमतं. उलट डॉक्टरांनी सांगितलेलं चालणंही होतं. काकू आता निम्म्या दिवसाचे अडीच हजार घेतात. सगळं मिळून आमच्या ऐपतीत बसतं. पण यातली एक कडी निखळली, तेडागर बेनना सर्व्हेला पाठवलं, सासूबाईंना ताप आला, की सगळा दिवस कोसळतो. तेडागर बेननी आमच्या मुलांना काकूंच्या दारातून न्यावं असं कुठल्या नियमात नाही. त्या माणुसकीने करतात. दिवाळीला आम्ही तिघींनी मिळून त्यांना साडी दिली, तर म्हणाल्या, "मारूं काम छे."

ताराबाई मोडकांचं काम वाचताना मला हे सारखं आठवत होतं. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं, आणि १९४५ साली बोर्डीला गेल्यावर गरिबांची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं पाहून बालवाडीच त्यांच्या वस्तीत, अंगणात नेली. मूल का येत नाही, हे त्यांनी आधी विचारलं. वस्तीतल्या बाया कामावर जातात, धाकट्याला सांभाळायला थोरली मुलगी घरी राहते, तर धाकट्याचीच सोय करा म्हणजे थोरलीही शिकेल, हा त्यांचा मार्ग होता. आपल्याकडे एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. गुजरातमधलं ठिकाण होतं छोटाउदेपूर, तेव्हाच्या बडोदा जिल्ह्यातलं. म्हणजे ही योजना आमच्या दारातून सुरू झाली, आणि पन्नास वर्षांत देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या झाल्या. त्याआधीही या भूमीने वाट दाखवली होती. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. त्या काळी सक्ती सातव्या वर्षापासून होती. सातच्या आतलं मूल घरच्यांनी बघायचं, असं तेव्हा सगळेच धरून चालत. आज घरात दिवसभर कुणी नसतं, तरी आपण तेच धरून चालतो.

केंद्र सरकारच्या महिलांसाठीच्या मिशन शक्तीत 'पाळणा' नावाची योजना आहे, हे मला कार्यकर बेननीच सांगितलं. अंगणवाडीतच पाळणाघर, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, महिन्याला २६ दिवस आणि दिवसाला साडेसात तास, सांभाळायला वेगळी कार्यकर्ती आणि वेगळी मदतनीस. ऐकून मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्याच दिवशी चौकशीला गेले. आमच्या अंगणवाडीत ते नाही. देशभरात २०२५-२६ पर्यंत १७,००० अशा केंद्रांचं उद्दिष्ट होतं. १४ लाखांपुढे १७,०००. आम्ही वस्तीतल्या आयांनी एकत्र अर्ज दिला, त्यात प्रत्येकीच्या कामाची वेळ, मुलाचं वय आणि मूल सध्या कुठे असतं ते लिहिलं. पोच घेतली. ज्या कुणी असा अर्ज करतील त्यांनी वेळांचा तक्ता जरूर जोडावा. 'सोय हवी' असं मोघम लिहिलेलं सगळेच लिहितात. सकाळी आठला धुणीभांडी सुरू करणाऱ्या बाईचं मूल दहापर्यंत कुठे असतं, हे तक्त्यातच दिसतं. आमच्या तक्त्यात एका चार वर्षांच्या मुलीपुढे लिहिलंय, "सात वर्षांच्या भावाजवळ." तो भाऊ शाळेत जात नाही.

दुसरी वाट जीआयडीसीतली. मातृत्व लाभ कायद्याच्या जागी आलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पाळणाघराचा आकडा पन्नासचाच आहे, पण तिथे एक ओळ फार कामाची सापडली: सरकार, नगरपालिका, खासगी किंवा सेवाभावी संस्था यांचं सामाईक पाळणाघर वापरता येतं, किंवा काही आस्थापनांनी मिळून पैसे घालून एकच पाळणाघर काढता येतं. पन्नासच्या आतल्यांवर सक्ती नाही, पण एकत्र यायला कुणी अडवलेलंही नाही. मी ती ओळ छापून मालकांना दाखवली. या वेळी त्यांनी खुर्ची दिली. पुराच्या महिन्यात किती जणींनी रजा टाकली आणि त्यात किती लॉट तपासायचे राहिले, ते माझ्याच रजिस्टरमध्ये होतं. तेही दाखवलं. ते म्हणाले, "पाच-सहा युनिट तयार होत असतील तर मी माझा हिस्सा देईन. आणि तोवर तू साडेनऊला ये, साडेसहाला जा, सकाळची घाई नको." वेळ सरकवून मला फारसा उपयोग नाही, पण शेडमधल्या दुसऱ्या एकीला झाला.

मग आम्ही चौघी, चार वेगळ्या शेडमधल्या, जेवणाच्या सुट्टीत गल्लीत फिरून यादी केली. सहा युनिटं, अठरा मुलं. तीनच्या आतली सात, बाकीची तीन ते सहामधली. निकषाप्रमाणे लहानांसाठी एक, मोठ्यांसाठी एक, आणि स्वयंपाक-स्वच्छतेला एक, अशा तिघी लागतील. तिघींना किमान वेतनाच्या खाली ठेवायचं नाही, हे आम्ही पहिल्या बैठकीतच ठरवलं. आपल्या मुलांना सांभाळणारी बाई अर्ध्या पोटी नको. प्रत्येकीला १४,००० धरले तर ४२,०००. खाऊ, वीज, औषधं मिळून १२,०००. महिन्याला ५४,०००, म्हणजे प्रत्येक युनिटला ९,०००. आई-वडिलांनी मुलामागे थोडी फी दिली तर त्याहून कमी. सयाजीराव विद्यापीठात मानवी विकास विभागाची चेतन बालवाडी आहे, तिथल्या मुली प्रत्यक्ष मुलांमध्ये राहून हा विषय शिकतात. तिघींना सुरुवातीचं प्रशिक्षण तिथून मिळेल का, हे विचारायचं आमच्यातल्या एकीने अंगावर घेतलंय. वाडीतल्या त्या अठरा वर्षांच्या मुलीला कुणी असं काही दिलं असतं, तर तिच्या हातून ती मुलं टीव्हीसमोर बसली नसती.

वसाहतीत एक बंद पडलेलं कॅन्टीन आहे, तळमजल्याचं, मागे लिंबाचं झाड. दोन मालकांनी हिश्श्याला लेखी होकार दिलाय. तिसरे म्हणतात, भाड्याचं आधी ठरवा. चौथ्यांना अपघाताच्या जबाबदारीची काळजी वाटते, त्यासाठी विम्याची चौकशी चालू आहे. उरलेल्या दोघांची वेळ अजून मिळालेली नाही. येत्या शनिवारी सुटल्यावर आम्ही चौघी टेप घेऊन त्या कॅन्टीनची मापं घ्यायला जाणार आहोत. मुलामागे बारा चौरस फूट धरून अठरा मुलं बसतात का, मोरीला नळ आहे का, आणि रस्त्याकडच्या दाराला बाहेरून नाही, आतून वरच्या बाजूला कडी लावता येईल का, एवढं बघून भाड्याचं बोलणं सुरू करू.